बारा कथा, बारा गावचे पाणी : जर-तरच्या कथासंग्रहांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात भरणाऱ्या आमच्या छोट्या वाचनगटाने यंदा वर्षभर एकाच प्रकारची पुस्तके वाचायचे ठरवले आहे. एकाच मुखपृष्ठाआड विज्ञानकथा, भयकथा, अद्भुतकथा आणि पर्यायी इतिहास असे सगळे एकत्र नांदतात, असे हे कथासंग्रह आहेत. हे ठरल्यापासून गटातल्या आणि गटाबाहेरच्या वाचकांनी, काहींनी उत्सुकतेने तर काहींनी नाराजीने, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे देत आहे. ही उत्तरे माझी आहेत. गटात त्यांपैकी काहींवर अजून वाद चालू आहे.

या संग्रहांत नेमक्या कोणत्या कथा असतात?

इंग्रजीत या सगळ्या कुटुंबाला स्पेक्युलेटिव्ह फिक्शन म्हणतात. मराठीत विज्ञानकथा, गूढकथा, भयकथा, अद्भुतकथा ही नावे चांगली रुळलेली आहेत, पण सगळ्यांना कवेत घेणारे एकच नाव रोजच्या बोलण्यात नाही, म्हणून या पानापुरते मी त्यांना जर-तरच्या कथा म्हणते. व्यवहारात आपण ‘जर-तरला काही अर्थ नसतो’ असे म्हणून विषय संपवतो. या कथा नेमक्या तिथून सुरू होतात. ओळखीच्या जगातला एखादा नियम लेखक बदलतो आणि मग त्या बदलाचे जे काही परिणाम होतील ते प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेतो. बदललेला नियम भौतिकशास्त्राचा असेल तर आपण तिला विज्ञानकथा म्हणतो, मृत्यूचा असेल तर भुताची गोष्ट म्हणतो आणि इतिहासाचा असेल तर पर्यायी इतिहास म्हणतो. नावे वेगळी असली तरी हाताची रीत एकच आहे, आणि म्हणूनच या कथा एका पुस्तकात शेजारी-शेजारी बसू शकतात.

इतके वेगवेगळे प्रकार एकत्र केल्याने पुस्तक विस्कळीत होत नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो रास्त आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते.

समजा, नौपाड्यातला एखादा जुना वाडा पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली आहे, वाड्यातली विहीर बुजवून तिच्यावर वाहनतळ झाला आहे, आणि तेराव्या मजल्यावर राहायला आलेल्या बाईंना रोज पहाटे रहाटाचा आवाज ऐकू येतो. ही कथा जर केवळ भयकथांच्या संग्रहात असेल, तर आवाज ऐकू आल्याक्षणी वाचकाच्या मनात उत्तर तयार असते: विहिरीत कुणीतरी गेलेले आहे आणि ते आता वर येणार. त्यानंतर उरते ते केवळ कधी आणि कसे. तीच कथा मिश्र संग्रहात आली, तर वाचकाला खरोखरच ठाऊक नसते की आपण कोणत्या प्रदेशात उभे आहोत. तो आवाज मृताचा असू शकतो, इमारतीच्या पंपातला असू शकतो, बाईंच्या स्वतःच्या बालपणातला असू शकतो, किंवा ज्या जगात वाडा पाडलाच गेला नाही अशा शेजारच्या जगातून झिरपत आलेलाही असू शकतो. पहिली दोन-तीन पाने या सगळ्या शक्यता एकदमच जिवंत असतात, आणि त्या काळात वाचक एकेक शब्द ज्या काळजीने वाचतो तशी काळजी तो एरवी क्वचितच घेतो. मला स्वतःला या संग्रहांचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते हेच. प्रत्येक कथेच्या दारात आपण नवखे असतो आणि तिथला कायदा आपल्याला पहिल्यापासून शिकून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट शेजाराची. रहाटाच्या कथेनंतर लगेच अशी कथा आली की, एका गृहनिर्माण संस्थेत सदनिका विकली की भागप्रमाणपत्रासोबत आधीच्या कुटुंबाच्या आठवणीही नव्या मालकाच्या नावावर होतात, आणि सर्वसाधारण सभेत त्या आठवणींच्या देखभालखर्चावरून वाद पेटतो. या दुसऱ्या कथेत भूत नाही, विहीर नाही आणि सूर तर जवळजवळ विनोदी आहे. तरीही ती वाचताना पहिल्या कथेतल्या बाई आठवतात, आणि त्यांना ऐकू येणारा आवाज कदाचित कुणीतरी घर सोडताना मागे ठेवलेला होता, अशी शंका येते. एकट्या वाचलेल्या कथेला हा अर्थ मिळाला नसता. आमच्या गटात एका संध्याकाळी नेमके असेच झाले: एका सदस्याने मागच्या महिन्यातली कथा या महिन्यातल्या कथेमुळे नव्याने उलगडली असे सांगितले आणि नियोजित कथा बाजूला ठेवून आम्ही दीड तास जुन्याच कथेवर बोलत राहिलो.

अर्थात, प्रत्येक मिश्र संग्रह असा असतो असे मुळीच नाही. निरनिराळ्या अंकांत छापून आलेले सर्व लिखाण एकत्र बांधून काढलेली पुस्तकेही असतात आणि ती विस्कळीतच असतात. वैविध्यामागे कुणाची तरी एक सलग काळजी, एक पुन्हा पुन्हा छळणारा प्रश्न असावा लागतो. घर म्हणजे कुणाचे, हा प्रश्न वरच्या दोन्ही कथांच्या तळाशी आहे.

कादंबरीत हे अधिक खोलवर करता येणार नाही का?

काही कल्पनांच्या बाबतीत नक्कीच येईल. एखाद्या संपूर्ण समाजाची घडण दाखवायची असेल, त्याची भाषा, चालीरीती, बाजारहाट उभे करायचे असेल, तर कादंबरीलाच पर्याय नाही. परंतु पुष्कळशा जर-तरना ठरावीक वजन असते. सदनिकेसोबत आठवणी हस्तांतरित होणे ही कल्पना पंधरा पानांत वाचकाला हलवून सोडते; तीनशे पानांत तिला कारणे द्यावी लागतील, सरकारी अध्यादेश लिहावे लागतील, ही पद्धत कुणी आणि का सुरू केली हे सांगावे लागेल, आणि त्या खटाटोपात तिच्यातली धार जाईल. लघुकथेला असे खुलासे टाळण्याची मुभा असते.

मराठी वाचकाला हा प्रकार उसना, परका वाटत नाही का?

परका वाटण्याचे मला तरी कारण दिसत नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवून पाहा. ‘आटपाट नगर होतं’ या तीन शब्दांत नगर कुठले, काळ कोणता, हे सगळे प्रश्न बाजूला होतात आणि ऐकणारा त्या नगरीचे नियम निमूट मान्य करतो. वसा टाकला की वैभव जाते हा त्या जगाचा कायदा आहे आणि कहाणी तो कायदा शेवटपर्यंत पाळते. वेताळपंचविशी तर विविध कथांचा संग्रहच आहे, आणि त्यातही प्रत्येक कथेअंती राजा विक्रमाला निवाडा करावा लागतो, म्हणजे ऐकणाऱ्यालाही करावा लागतो.

अलीकडचा विचार केला तर दिवाळी अंकाने मराठी वाचकाला या वैविध्याची सवय केव्हाच लावली आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे एकाच अंकात कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांची पंगत बसते आणि कुणालाही ती विस्कळीत वाटत नाही. आमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक असे आणि वडील आधी गूढकथा शोधत, आई आधी विज्ञानकथा शोधे. माझ्या वाट्याला अंक येईपर्यंत दोन्हींवर चिवड्याचे तेलकट ठसे उमटलेले असत.

विज्ञानकथेपुरते बोलायचे तर १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांचा उल्लेख करायलाच हवा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी त्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा स्वतःच्या नावाऐवजी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा केवळ कथा म्हणून जोखली जावी असे वाटले, ही गोष्ट मला या साहित्यप्रकाराच्या मराठीतल्या इतिहासात फार मोलाची वाटते.

विज्ञान कळत नसेल तर निम्म्या कथा वाया जाणार नाहीत का?

नाही. एक उदाहरण घेऊ. प्रकाशाच्या वेगाच्या ८० टक्के वेगाने जाणाऱ्या यानात काळ संथ चालतो; पृथ्वीवर १० वर्षे जातात तेव्हा यानात ६ वर्षे जातात. हा सापेक्षता सिद्धान्ताचा निष्कर्ष आहे आणि त्यामागचे गणित शाळेतल्या वर्गमुळापलीकडे जात नाही, पण कथा वाचण्यासाठी तेही येण्याची गरज नाही. आता त्या यानात तीस वर्षांची एक आई बसते आणि दहा वर्षांची मुलगी मागे राहते. आई परत येते तेव्हा पृथ्वीवर ५० वर्षे झालेली असतात आणि यानात ३०. आई साठ वर्षांची आहे आणि मुलगीही साठ वर्षांची आहे. घरच्यांनी एकाच मांडवात दोघींची साठीशांत करायचे ठरवले, तर पाया कुणी कुणाच्या पडायचे?

हा प्रश्न समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र आकडे खरे असण्याने त्या प्रसंगाला जी ठाम जमीन मिळते ती मनमानी जादूने मिळाली नसती, हेही तितकेच खरे. चांगला लेखक जो नियम सांगतो तो पाळतो. वाचकाने त्या नियमावर विश्वास ठेवावा आणि माणसांकडे पाहावे, एवढेच अपेक्षित आहे.

मला भयकथा सहन होत नाहीत. मी काय करावे?

ती कथा सोडून द्यावी. संग्रहाचा हा मोठा फायदा आहे. आमच्या गटातल्या दोन सदस्या भयकथा वाचत नाहीत आणि त्यांच्यावाचून कोणतीही चर्चा अडलेली नाही.

कथा ठाण्यात किंवा नवी मुंबईत घडत असतील तर त्याने काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो, असे माझे मत आहे. बदललेला नियम जाणवण्यासाठी न बदललेल्या गोष्टी नीट ओळखीच्या असाव्या लागतात. अमुक एका परग्रहावर दोन चंद्र उगवतात हे वाचून मी मान डोलावते. पण मासुंदा तलावात एका रात्री दोन चंद्रांची प्रतिबिंबे पडली आणि आकाशात एकच होता, असे वाचले तर त्या संध्याकाळी मी तलावपाळीवरून जाताना पाण्याकडे पाहिल्याशिवाय राहणार नाही.

शिवाय ही दोन शहरे जर-तरच्या कथांसाठी विलक्षण सुपीक आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली, १४ डब्यांची आणि सुमारे ४०० प्रवाशांची आगगाडी ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्याला आली आणि भारतात प्रवासी रेल्वे सुरू झाली. त्या गाडीत बसलेला एखादा प्रवासी ठाण्यात उतरला, पण ते ठाणे आपले नव्हतेच, अशी कथा लिहायला कुणालाही मोह व्हावा. पर्यायी इतिहासाचे मराठीतले सर्वांत परिचित उदाहरणही असेच एका क्षणावर उभे आहे: नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये १७६१ सालच्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते आणि तिथून सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो.

नवी मुंबईची बाब त्याहून वेगळी आणि माझ्या दृष्टीने अधिक हृद्य आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली तेव्हा तिथे भातशेती, मिठागरे, खाजणे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. १९७० साली सिडकोची, म्हणजे हे शहर उभारणाऱ्या सरकारी कंपनीची, स्थापना झाली, ९५ गावांची जमीन प्रकल्पात आली, आणि आज लाखो माणसे कुणीतरी कागदावर काढलेल्या जर-तरमध्ये राहतात, तिथे दूध आणायला जातात, मुलांना शाळेत सोडतात. ज्यांनी नकाशा काढला त्यांच्यासाठी ती एक आशेची कथा होती. ज्यांची शेते त्या नकाशाखाली गेली त्यांच्यासाठी ती निराळी कथा होती, आणि साडेबारा टक्के (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना) हे शब्द तिथल्या कुठल्याही घरात उच्चारले की ती आजही ऐकायला मिळते. सेक्टरांच्या सरळ रेषा गावठाणाच्या वेशीशी येऊन जिथे वाकड्या होतात, तिथे उभे राहिले की एकाच जागेवर दोन जगे कशी असू शकतात हे समजवायला विज्ञानकथेची गरज पडत नाही. विविध प्रकारांचा संग्रह या शहराला शोभतो तो यामुळे: शहराची एक बाजू भविष्यकथा आहे आणि दुसरी, मिठागरांच्या बाजूने पाहिले तर, भूतकथा आहे.

या कथा म्हणजे खऱ्या प्रश्नांपासून पळ काढणे नव्हे का?

काही कथा तशा असतात, आणि कामावरून थकून आलेल्या माणसाने तासभर पळ काढला तर त्यात मला काही गैर वाटत नाही. पण बहुतेक चांगल्या कथा आपल्याला वळसा घालून त्याच प्रश्नाशी परत आणतात. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ साली झाली आणि २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला, ही माहिती मी अनेकदा वाचली होती आणि विसरलेही होते. एका वर्षी फ्लेमिंगो आलेच नाहीत, आणि त्यांच्यासोबत ऐरोलीतल्या लोकांच्या डोळ्यांतून गुलाबी रंग कायमचा गेला, अशी कल्पना गटातल्या एका तरुणाने लिहून आणली. त्यात साड्यांच्या दुकानातला एक प्रसंग होता: दुकानदार गिऱ्हाईकाला आठवणीतून गुलाबी समजावून सांगत होता. त्यानंतर खाडीविषयीची बातमी मी कधीही वरवर वाचलेली नाही.

कथा कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

पहिल्या वाचनात छापलेल्या क्रमाने. संग्रह लावणे हे कष्टाचे काम असते आणि हलक्या कथेनंतर जड कथा का ठेवली याला बहुधा कारण असते. दुसऱ्या वाचनात क्रम मोडावा.

काही कथा अर्ध्यावर तोडल्यासारख्या संपतात. तो दोष मानावा का?

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. लेखकाने प्रश्न शेवटपर्यंत नेला आणि उत्तर आपल्यावर सोपवले, तर कथा पूर्ण झालेली असते. वेताळही प्रश्न विचारूनच थांबतो. परंतु लेखकालाच आपल्या नियमाचे पुढचे परिणाम सुचले नाहीत आणि त्याने धूसर वाक्याचा आडोसा घेतला, तर तो दोषच आहे आणि चर्चेत तसे स्पष्ट म्हणावे. फरक ओळखण्यासाठी मी कथेचा शेवट वाचून पुन्हा पहिले पान उघडते. पहिल्या पानावर पेरलेले काही शेवटामुळे उजळले, तर लेखकाला शेवट ठाऊक होता.

लोकलमध्ये उभ्याने असे पुस्तक वाचता येते का?

येते, आणि अनेक सदस्य तसेच वाचतात. ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशीला जायला साधारण अर्धा तास लागतो. मध्यम लांबीची एक कथा त्यात बसते. मात्र माझा अनुभव असा की कथा स्थानक येण्याआधी संपली तर लगेच पुढची सुरू करू नये. तुर्भे ते वाशी खिडकीबाहेर पाहत राहावे. एका जगातून थेट दुसऱ्या जगात उडी घेतली की दोन्ही कथांचे नियम एकमेकांत मिसळतात आणि दोन्हींवर अन्याय होतो.

शाळकरी मुलांना हे संग्रह द्यावेत का?

संपूर्ण संग्रह देण्याआधी मोठ्यांनी स्वतः वाचावा, कारण मिश्र संग्रहात एखादी कथा प्रौढांसाठीची असतेच. निवडून दिलेल्या कथा आठवी-नववीची मुले आपल्यापेक्षा सहज वाचतात. बदललेला नियम मान्य करायला त्यांना वेळ लागत नाही.

पुस्तके ठाण्यात कुठे मिळतील?

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून वाचकांच्या सेवेत आहे, आणि नवे पुस्तक विकत घेण्याआधी तिथे चौकशी करावी असे मी सुचवते. जुने संग्रह तर बहुधा ग्रंथालयांतच भेटतात.

गटात येण्यासाठी संपूर्ण संग्रह वाचलेला असणे आवश्यक आहे का?

नाही. त्या महिन्याची एक कथा वाचलेली असली तरी पुरते, फक्त ती दोनदा वाचून यावे, कारण पहिल्या वाचनात आपले सारे लक्ष तिथला नियम समजून घेण्यात जाते आणि त्या नियमाखाली वावरणारी माणसे दुसऱ्या वाचनात दिसू लागतात. न आवडलेल्या कथेविषयीही अवश्य बोलावे. पुढच्या बैठकीसाठी रहाटाच्या जातीची एक कथा निवडली आहे. ज्यांच्या जुन्या घरी विहीर होती, त्यांनी तिच्याविषयी जे आठवत असेल ते लिहून आणावे.